सिग्नलला बंद पडणारी जुनी एमपीएफआय गाडी: रेसचा स्क्रू फिरवायच्या आधी काय काय बघायचं

पुण्यात नळ स्टॉपला नाहीतर विद्यापीठ चौकात दोन-दोन सिग्नल खाणारी रांग, एसी चालू, आरपीएमचा काटा ८०० वरून ६००, ५०० असा घसरतोय, स्टिअरिंग हातात थरथरतंय आणि गाडी बंद पडू नये म्हणून पायाचा पुढचा भाग ब्रेकवर नि टाच ॲक्सिलरेटरवर. हे सर्कस रोज करत असाल तर हे तुमच्यासाठी आहे. जुनी म्हणजे साधारण १९९५ ते २००४ च्या मधल्या इंजेक्शनच्या (एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) पेट्रोल गाड्या धरा, सिएलो, पहिली होंडा सिटी, एस्टीम आणि झेन एमपीएफआय, लान्सर, आयकॉन, जुनी सँट्रो, आणि १९९५ पासून इथेच पिंपरीत जोडल्या गेलेल्या डब्ल्यू १२४ मर्सिडीज पण. गाड्या वेगळ्या असल्या तरी आयडलचं (ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन ज्या वेगाने चालतं त्याचं, गॅरेजच्या भाषेत 'रेस') गणित सगळ्यांचं जवळपास एकच आहे.

गॅरेजला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "काही नाही साहेब, रेस वाढवून देतो." कार्बोरेटरच्या काळात ते बरोबर होतं, पद्मिनीची किंवा जुन्या ८०० ची रेस स्क्रूनेच सेट व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत मात्र थ्रॉटलच्या लिव्हरला टेकलेला जो बारका स्क्रू दिसतो तो रेसचा नाहीये. फ्लॅप, म्हणजे हवेच्या वाटेवरचा ॲक्सिलरेटरने उघडणारा दरवाजा, बोअरमध्ये (त्या वाटेच्या नळीत) घासून अडकू नये म्हणून कंपनीने लावलेला तो स्टॉपर आहे, बऱ्याच गाड्यांत त्याच्यावर रंगाचा ठिपका मारून सील केलेलं असतं. तो फिरवला की फ्लॅप कायमचा थोडा उघडा राहतो, थ्रॉटल पोझिशन सेन्सर ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सांगतो की साहेबांचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे, आणि मग ईसीएम आयडल सांभाळायचं काम सोडूनच देतो. त्या दिवशी गाडी मस्त वाटते. नंतर कधी रेस १२०० ला अडकते, कधी वरखाली नाचते, ॲव्हरेज पडतं, आणि मूळ दुखणं आहे तिथेच.

तुमच्या गाडीत तो ठिपका आधीच तुटलेला असेल (जुनी गाडी घेतली असेल तर शक्यता भरपूर) तर आधी ते निस्तरा. स्क्रू फ्लॅप पूर्ण बंद होईपर्यंत मागे घ्या, मग लिव्हरला जेमतेम टेकेल इतका पुढे आणा आणि अजून अगदी किंचित, फ्लॅप चिकटणार नाही एवढाच. मग चावी ऑन, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सिग्नल वायरवर मल्टिमीटर लावा, बंद थ्रॉटलला साधारण अर्धा व्होल्ट आणि फुल दाबल्यावर साडेचारच्या आसपास यायला हवा, आणि मधे हळूहळू दाबताना आकडा कुठेही उडी मारता कामा नये.

आयडलला नक्की काय चालू असतं

फ्लॅप बंद असतो, म्हणजे मोठा दरवाजा बंद. इंजिनाला जी हवा मिळते ती फ्लॅपच्या शेजारच्या बारीक बायपासमधून, आणि त्या बायपासवर आयडल व्हॉल्व्ह बसलेला असतो, आपल्याकडे मेकॅनिक त्याला आयएसी नाहीतर नुसतं आयडल मोटर म्हणतात. ईसीएम हवा मोजतो, तिच्या हिशोबात पेट्रोल सोडतो, साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा एक भाग पेट्रोल, आणि आरपीएम पडायला लागला की व्हॉल्व्ह थोडा उघडतो. त्यामुळे दुखणं तीनच जागी असू शकतं. एकतर हवा पुरेशी येत नाहीये, म्हणजे रेस पडते. नाहीतर ईसीएमला न विचारता कुठूनतरी भलतीच हवा घुसतीये, म्हणजे रेस नाचते किंवा इंजिन खडबडतं. नाहीतर हवा ठीक आहे पण एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल, करंट किंवा कॉम्प्रेशन नाही, म्हणजे मिसिंग.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी गाडी नक्की कशी वागते ते बघून ठेवा. काटा ८०० ला स्थिर आहे पण केबिन थरथरतंय? मग तो आयडलचा प्रॉब्लेमच नाही, इंजिन माउंटिंग गेलेत. वीस-पंचवीस वर्षांचं रबर आहे ते. बॉनेट उघडून कोणालातरी झटक्यात रेस करायला सांगा, इंजिन उडी मारत असेल तर उत्तर मिळालं. फक्त एसी, हेडलाइट किंवा पॉवर स्टिअरिंग वळवताना रेस पडते? तर हवा कमी, म्हणजे कार्बन नाहीतर आयडल व्हॉल्व्ह. ९०० ते १५०० असं वरखाली झुलतंय? जास्तीची हवा, किंवा कूलंट कमी, त्यावर पुढे येतो. सायलेन्सरमधून ठराविक तालात फट... फट येतंय? एक सिलिंडर मेलाय.

सायलेन्सरचा अजून एक फुकटचा उपाय, चालू गाडीच्या टेलपाइपसमोर कागदाचा कपटा धरा. कागद एकसारखा बाहेर ढकलला जायला पाहिजे. मधेच आत खेचला जात असेल, पाइपला चिकटत असेल, तर मिसिंग आहे किंवा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये.

पीयूसी तर काढावीच लागते, तर त्या पट्टीवरचे आकडे घरी येऊन फेकून देऊ नका. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जळतंय, रिच. सीओ नॉर्मल किंवा कमी पण एचसी (हायड्रोकार्बन) भरपूर म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग, एकतर करंट नाही किंवा मिक्श्चर फारच पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी). चार गॅसचं मशीन स्वतः कोण घेणार, पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत किरकोळ पैशात हे डायग्नोसिस मिळतंय. फक्त इंजिन पूर्ण गरम करून जा आणि मशीनवाल्याला सांगा, दादा रेस देऊ नका, आयडललाच रीडिंग घ्या.

हवा कुठून घुसतीये

जास्तीत जास्त वेळ इथे घालवा, कारण एवढ्या जुन्या गाडीत रबर हाच सगळ्यात मोठा व्हिलन आहे आणि तपासायला खर्च शून्य.

इनटेक मॅनिफोल्डपासून (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांपासून) निघणारा प्रत्येक पाइप हाताने चाचपून शेवटपर्यंत जा. ब्रेक बूस्टरचा जाडा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारा) पाइप, फ्यूएल प्रेशर रेग्युलेटरची बारीक नळी, चारकोल कॅनिस्टरची (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) नळी, मॅप सेन्सरची नळी, एसीच्या आयडल-अप व्हॉल्व्हची. नुसतं बघून चालत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या एस्टीमची रेस झुलायची, थ्रॉटल साफ करून झालं होतं, प्लग नवे होते, वरून सगळे पाइप एकदम ठणठणीत. ब्रेक दाबला की मात्र झुलण्याचा ताल बदलायचा. बूस्टरचा पाइप मॅनिफोल्डच्या बाजूला, क्लिपच्या बरोबर खाली बोटाने वाकवला तर आडवी चीर उघडली, चांगली नखाएवढी, आणि सोडली की परत मिटली. क्लिपने वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून रबर कापलं होतं. पाइप बदलला, काटा सरळ ८०० ला येऊन बसला.

तर ब्रेकची टेस्ट नक्की करा, गाडी चालू, न्यूट्रल, ब्रेक दाबून धरा. फुस्स आवाज सतत येत राहिला किंवा आयडल बदलून तसाच राहिला तर बूस्टर किंवा त्याचा पाइप. हा पाइप घेताना नाना पेठेत व्हॅक्यूमचाच मागा, पाण्याचा पाइप दिसायला तसाच असतो पण व्हॅक्यूमने आत चपटा होतो. आणि त्यात एक वन-वे व्हॉल्व्ह असतो, त्याची दिशा उलटी लावलीत तर ब्रेक दगड होईल, काढायच्या आधी फोटो काढा.

बाकीच्या नळ्यांसाठी सोपी ट्रिक, पक्कडीला कापड गुंडाळून एकेक नळी हलकेच दाबून बंद करा. जी दाबल्यावर आयडल सुधारलं त्या लाइनवर पुढे काहीतरी गळतंय. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानापाशी हलवा, आत टकटक वाजला पाहिजे (काही गाड्यांत नुसतंच बारीक भोक असतं, तिथे वाजणार नाही). चिकट काळं ऑइल भरलं असेल तर क्लीनरने धुवा नाहीतर बदला, महाग नसतो. कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह (साठलेली वाफ इंजिनात सोडणारा) गरम आयडलला साधारण बंद असायला हवा, कॅनिस्टरच्या बाजूची नळी काढून बोट लावा, सतत ओढ लागली तर तो उघडा अडकलाय.

मग राहिलं मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि इंजेक्टरच्या तळाचे ओ-रिंग. हे डोळ्याला दिसत नाही. आयडलला इंजिन चालू ठेवून कार्ब क्लीनरची नळी लावून जोडावर छोटे छोटे फवारे मारा, एका जागी मारून दोन-तीन सेकंद थांबा मग पुढे. जिथे मारल्यावर आरपीएम बदलला ती जागा. पण सांभाळून, क्लीनर पेट घेतो. एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात मारू नका, प्लगची वायर लीक असेल तर तिथेही नाही, बेसमेंट पार्किंगमध्ये तर हा प्रकार करूच नका, उघड्यावर करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातली चेन वगैरे लांब, रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो.

इथे एक फरक माहिती असला की डोकं कमी खाजवावं लागतं. गाडी हवा दोनपैकी एका पद्धतीने मोजते. एअर फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपवर वायर जोडलेला सेन्सर असेल तर ती एअर मास सेन्सरची गाडी, डब्ल्यू १२४ ची ई २२० अशी आहे. यात सेन्सर आणि इंजिनाच्या मधे घुसलेली हवा मोजलीच जात नाही, मिक्श्चर पातळ होतं आणि इंजिन खडबडतं, बंद पडतं. म्हणून अशा गाडीत फिल्टर ते थ्रॉटल हा नागमोडी रबरी पाइप पण तपासायचा, त्याच्या घड्यांच्या आत तडे जातात, काढून हाताने ताणून बघा. दुसरी पद्धत मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर, एस्टीम आणि जुन्या होंडा अशा. यात गळती झाली तरी ईसीएमला प्रेशर वाढलेलं कळतं आणि तो त्या हिशोबात पेट्रोल पण वाढवतो, त्यामुळे गाडी बंद पडायच्या ऐवजी रेस वाढते किंवा झुलते. मॅपवाल्या गाडीत फिल्टरच्या पाइपला तडा असला तर आयडलला ढिम्म फरक पडत नाही, फक्त धूळ आत जाते.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर उत्तमच. पण पुस्तकात लिहिलेला १७ ते २१ इंचाचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा, पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे इथे जवळपास दोन इंच कमी. तुमच्या गेजवर १६-१७ आलं आणि काटा स्थिर असेल तर इंजिनाला काही झालेलं नाही, उगाच उघडत बसू नका. काटा ठराविक तालात खाली आपटत असेल तर एखादा व्हॉल्व्ह, हळूहळू डुलत असेल तर मिक्श्चर.

थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह

फिल्टरचा पाइप काढा, फ्लॅप हाताने उघडा आणि मागच्या कडेला टॉर्च मारा. फ्लॅपच्या कडेभोवती काजळासारखा काळा पट्टा दिसेल, हा पीसीव्हीतून येणाऱ्या ऑइलच्या वाफेचा थर. एवढासा थर पण बंद फ्लॅपच्या फटीतून येणारी हवा अडवतो, आणि आयडलला हवाच मुळात एवढीशी लागते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत हा जास्त साठतो. एसी लावल्यावर रेस पडते या तक्रारीचं माझ्या बघण्यातलं सगळ्यात कॉमन कारण हेच.

क्लीनर थेट आत ओतू नका, कापडावर किंवा जुन्या टूथब्रशवर घेऊन कडा घासा, फ्लॅपची दोन्ही बाजू, बोअर, आणि बायपासचं भोक. जमत असेल तर थ्रॉटल बॉडी खोलून बाहेर काढूनच करा, पॅकिंग नवीन घालावं लागेल. आयडल व्हॉल्व्ह स्क्रू काढून वेगळा करा, टोकाचा शंकू किंवा आतला फिरता दरवाजा साफ करा, पण मोटरची बाजू वर धरा म्हणजे क्लीनर मोटरमध्ये उतरणार नाही. पुढेमागे होणारी पिन असेल तर ती बोटाने जोर लावून आत ढकलू नका, आतले आटे जातात. एअर मास सेन्सरला कार्ब क्लीनर लावायचा नाही, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

व्हॉल्व्ह जिवंत आहे का बघायचं तर गरम इंजिन आयडलला ठेवून त्याचं कनेक्टर काढा. रेस लगेच बदलायला हवी. काहीच झालं नाही तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा त्याच्यापर्यंत करंट पोचत नाहीये. नवा घ्यायच्या आधी करंट तपासा, कारण नवा स्वस्त नसतो आणि जुन्या गाडीचा तर मिळेपर्यंत दिवस जातात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधीकधी अख्खी थ्रॉटल बॉडी मिळून जाते, पण इलेक्ट्रिकल पार्ट तिथून घेताना मल्टिमीटर खिशात घेऊन जा, परत घेत नाही कोणी.

जुन्या होंडावाल्यांनो, रेस झुलत असेल तर सगळ्यात आधी रेडिएटरचं झाकण (थंड असताना!) उघडून कूलंट बघा. या गाड्यांत थंड इंजिनाला जास्तीची हवा देणारा एक मेणाचा व्हॉल्व्ह असतो, त्याच्यातून गरम कूलंट फिरलं की मेण फुगतं आणि तो बंद होतो. कूलंट कमी झालं किंवा लाइनमध्ये हवा अडकली की तो गरमच होत नाही, उघडा राहतो, रेस वर जाते, बंद थ्रॉटलला एवढी रेस बघून ईसीएम पेट्रोल तोडतो, रेस पडते, परत पेट्रोल, परत वर. असा झोपाळा चालू राहतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात. कूलंट भरा, ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढा. आणि कूलंट कमी का झालं तेही शोधा.

मिसिंग असेल तर

कोणतं सिलिंडर ते आधी. चालू इंजिनात प्लगची वायर उपटायची जुनी सवय सोडा, हाताला सणकून बसतो आणि कॉइल-इग्नायटरचं पण वाटोळं होऊ शकतं. त्याऐवजी एकेक इंजेक्टरचं कनेक्टर काढा. चांगल्या सिलिंडरचं काढलं की रेस धपकन पडते. ज्याचं काढून काही फरकच पडला नाही ते आळशी सिलिंडर. तिथला इंजेक्टर टकटक करतोय का ते लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावून ऐका. टकटक येत नसेल तर कनेक्टर काढून इंजेक्टरचा रेझिस्टन्स बघा, बहुतेकांचा १२ ते १६ ओहम असतो, आणि चारही सारखे पाहिजेत.

टकटक ठीक असेल तर प्लग. कोरडा काळा म्हणजे रिच, ऑइलने ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही, पांढरट म्हणजे पातळ. गॅप मॅन्युअलप्रमाणे. वायर काढून रेझिस्टन्स मोजा, २५ किलोओहमच्या वर असली तर बदला, आणि एक नाही, सगळा सेट.

जून-जुलैत सकाळी थरथरणारी आणि दुपारी बरी होणारी गाडी असेल तर डिस्ट्रिब्युटर कॅपमधे ओल आहे किंवा कॅपला केसाएवढी चीर. रात्री अंधारात बॉनेट उघडा, गाडी चालू, वायरींवर स्प्रेच्या बाटलीने नुसता पाण्याचा धुरळा सोडा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या की पैसे कुठे घालायचे ते कळलं. कॅप आणि रोटर बरोबरच बदलतात.

पेट्रोलचं काय

फिल्टर कधी बदलला आठवत नसेल तर बदला. आता पंपावर मिळणारं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि या गाड्या बनल्या तेव्हा हे कोणाच्या डोक्यात पण नव्हतं. इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून तेवढ्याच पेट्रोलला मिक्श्चर पातळ पडतं, ऑक्सिजन सेन्सर चांगला असेल तर ईसीएम गरम झाल्यावर सांभाळून घेतो, पण थंड इंजिनात सेन्सर अजून कामाला लागलेला नसतो तेव्हा थोडं अडखळणं जाणवतं. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतं, तो येऊन फिल्टरमध्ये बसतो, आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. नळीला पेट्रोलचा वास, ओलसरपणा, चिकटपणा काहीही जाणवलं तर आयडल राहू द्या बाजूला, आधी नळी बदला, आगीचा विषय आहे. गाडी फक्त रविवारी काढत असाल तर टाकी अर्धी रिकामी ठेवून महिनोन्‌महिने उभी करू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रेशर मोजायला गेज लागतं, या गाड्यांत साधारण अडीच ते तीन बार. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर साधारण अर्धा बार वाढायला पाहिजे. गेज नसेल तरी ती नळी काढून वास घ्या, आत पेट्रोल आलं असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि ते पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय. इंजेक्टर क्लिनिंगची बाटली टाकीत ओतून मला तरी कधी ठोस फरक दिसला नाही. काढून अल्ट्रासॉनिकमध्ये साफ करून चारही नळ्यांत सारखं भरतंय का ते डोळ्यासमोर बघा, ते पैसे वसूल.

सेन्सर आणि वायरिंग

हे मुद्दाम मागे ठेवलंय. पाचशे-सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर नव्वदच्या दशकातल्या गाडीशी बोलणारच नाही, त्यामुळे ती आशा सोडा. जुन्या जपानी गाड्यांत डायग्नोसिसच्या दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, जुन्या होंडात लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक, तर एक लांब चार छोट्या म्हणजे १४, आयडल व्हॉल्व्हचं सर्किट. कुठल्या पिना ते मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा, अंदाजाने नाही.

आयडलला सगळ्यात जास्त छळतो तो कूलंट टेम्परेचर सेन्सर. डॅशबोर्डच्या काट्याचा वेगळा असतो आणि ईसीएमचा वेगळा, त्यामुळे काटा बरोबर दाखवतोय म्हणून सेन्सर चांगला असं होत नाही. मोजायला सोपा, २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० डिग्रीला दोनशे ते चारशेच्या मधे. गरम इंजिनातही हजारो ओहम दाखवत असेल तर ईसीएमला वाटतं बाहेर हिवाळा आहे, तो पेट्रोल ओतत राहतो.

मग अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी पट्टी सोडवून, सॅंडपेपरने घासून परत लावा. चालू गाडीत बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट पाहिजेत. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर उंदराने कुरतडलेली वायर शोधा, पार्किंगमधे उभ्या गाड्यांना पुण्यात हा त्रास काही नवीन नाही. डब्ल्यू १२४ वाल्यांनी इंजिनाच्या वायरिंगचं वरचं कव्हर थोडं बाजूला करून आतल्या वायरी बघाव्यात, त्या काळातल्या वायरींचं इन्सुलेशन उष्णतेने भुगा होऊन पडतं आणि मग कुठलाही सेन्सर काहीही सांगायला लागतो. तिथे टेप मारून भागत नाही.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं

कधीतरी सीएनजी किट बसवलं असेल, आत्ता काढलेलं असलं तरी, तर टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली बारीक फट) आधी तपासा. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो, टॅपेटचा गॅप संपतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. याची खूण म्हणजे थंड असताना ठीक, गरम झालं की आयडलला मिसिंग, आणि इंजिन मात्र एकदम शांत. टॅपेट वाजत नाहीत म्हणून लोक खूश असतात, पण टाइट टॅपेट वाजत नाहीत, व्हॉल्व्ह जाळतात. (हायड्रॉलिक टॅपेटवाल्या गाड्यांना सेटिंग नसतं.) किटच्या मिक्सरची रिंग थ्रॉटलच्या तोंडाशी राहून गेली असेल तर ती पण काढा.

एवढं सगळं करूनही एक सिलिंडर आळशीच राहिलं तर कॉम्प्रेशन टेस्ट. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे चांगल्या इंजिनवाल्याकडे.

शेवटी ईसीएमला नव्याने शिकू द्या

कार्बन असताना त्याने व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवायची सवय लावून घेतलेली असते, त्यामुळे साफ केल्यावर पहिले काही दिवस रेस उलट वर राहते आणि लोक घाबरून परत गॅरेज गाठतात, आणि तिथे परत स्क्रू. बॅटरीची निगेटिव्ह दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा (जुन्या होंडा-मर्सिडीजच्या म्युझिक सिस्टिमला कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा). मग सगळं बंद ठेवून गाडी चालू करा, ॲक्सिलरेटरला हात नाही पाय नाही, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलला सोडा, मग एसी लावून पाच मिनिटं.

ज्या गाड्यांत खराखुरा आयडलचा बायपास स्क्रू आहे, थ्रॉटल बॉडीच्या अंगात खोल बसवलेला, लिव्हरवरचा नाही, त्यांचं बेस आयडल याच्यानंतर सेट करायचं. इंजिन पूर्ण गरम, एसी-लाइट-फॅन सगळं बंद, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर आयडल व्हॉल्व्हचं कनेक्टर काढून, दिलेल्या आकड्यावर आणायचं, कनेक्टर परत लावायचा आणि त्याने पडलेला कोड पुसायला ईसीएमचा फ्यूज काढून घालायचा. हेडलाइट, एसी, ब्लोअर फुल, स्टिअरिंग एका टोकाला, असं सगळं एकदम लावून बघा. काटा क्षणभर खाली जाऊन स्वतःहून जागेवर आला पाहिजे. नाही आला तर परत व्हॅक्यूमच्या नळ्यांपाशी जा, काम करताना एखादी निसटलेली असते, बहुतेक मॅप सेन्सरची.